दूर असणाऱ्यांचे एकच काम

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव-समितीने आम्हांस धर्मग्रामाच्या वाढीविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे. मंदिराचा पाया केव्हा घातला, घंटा कोठून आली, वेदीच्या संगमरवराचा खर्च कोणी सोसला, हे सर्व स्मरणिकेत छापून येणारच आहे. आणि ते लिहिणारी मंडळी आमच्याहून अधिक माहितगार आहेत. यास्तव जी वास्तू डोळ्यांना दिसत नाही तिच्याविषयी आज बोलावे असे आम्ही योजिले आहे. एकमेकांपासून शेकडो, हजारो मैल दूर राहणाऱ्या, बहुधा एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी, पगार न घेता व नफा न मागता, मिळून चालविलेले काम ही ती वास्तू होय.

हा विषय निवडण्यास कारण घडले आहे. आपल्या धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाच्या साप्ताहिक सभेस अलीकडे सात-आठ जणच जमतात, आणि त्यांपैकी बहुतेकांनी साठी ओलांडली आहे. त्यांची मुलेबाळे पुणे, बंगळूर, दुबई अशा ठिकाणी नोकरीस आहेत. ती आपल्याला विसरलेली नाहीत. फोनवर बोट ठेवताच त्यांचे पैसे येथे येऊन पोहोचतात, आणि ती ते उदारपणे धाडतात. त्यांच्यापैकी काहींनी अशी सूचना केली आहे की, आता सभा बंद करावी, घरोघर जाणे बंद करावे, एक निधी ठेवावा व गरजू कुटुंबांच्या बँकेतील खात्यांत दरमहा रक्कम परस्पर जमा करावी. म्हाताऱ्या माणसांस जिने चढावे लागणार नाहीत, हिशेब चोख राहील, आणि कोणाचा वेळही मोडणार नाही. सूचना सद्हेतूने केलेली आहे. म्हणूनच तिला होकार किंवा नकार देण्यापूर्वी, ख्रिस्तसभेत असे काम आजवर कसे चालत आले ते पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अंतर ही गोष्ट नागपूरकरांस नवी नाही. आपल्या शहरातील शून्य मैलाच्या खांबावर जबलपूर 170 मैल, हैदराबाद 318 मैल असे आकडे कोरलेले आहेत. पण दगडावर अंतर कोरणे सोपे. ते अंतर ओलांडून माणसाने माणसाचे काम करणे अवघड. ही अवघड गोष्ट आपल्या धर्मात पहिल्याच पिढीने अंगावर घेतली होती.

यरुशलेमातील गरीब बांधवांसाठी संत पौलाने मासेदोनिया, अखया, गलतिया अशा दूरदूरच्या मंडळ्यांतून वर्गणी जमविली, हे तुम्ही पत्रांच्या वाचनात ऐकले आहे. परंतु ती त्याने कशी जमविली हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सोळावा अध्याय काढून पाहा. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो स्वतः आल्यावर घाईघाईने वर्गणी गोळा करावी लागणार नाही, अशी त्याची व्यवस्था आहे. पैसा घेऊन कोणी जावे? तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांनी, आणि सोबत पत्र घेऊन. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक बंधू पाठवितो. एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी आपल्यावर दोष ठेवू नये, ही काळजी तो उघडपणे बोलून दाखवितो. प्रेषितासही हिशेबाची लाज वाटली नाही! आपल्याकडे कित्येक सज्जनांस कोणी जमाखर्च विचारला की अपमान वाटतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

ठरलेला वार, लहान रक्कम, विश्वासाचा माणूस व सोबत पत्र, एवढी सामग्री त्या व्यवस्थेत होती. ह्यांत चौथ्या वस्तूचे महत्त्व सर्वांत कमी मानले जाते. आमच्या मते ते सर्वांत अधिक आहे, आणि ते का, हे पुढे येईल.

आता आपण एकदम अठराशे वर्षे ओलांडून फ्रान्स देशातील ल्यों शहरी जाऊ. कारण आपल्या विदर्भातील मिशनचा धागा त्या बाजूस जाऊन पोहोचतो. ल्यों हे रेशमाच्या कारखान्यांचे शहर. तेथील एका रेशीम-व्यापाऱ्याची कन्या पोलीन जारिको ही 1799 साली जन्मली. तिचा भाऊ पॅरिसच्या सेमिनरीत शिकत असे व दूरच्या मिशनांची दैन्यावस्था तिला पत्रांतून कळवी. तिने कारखान्यातील कामकरी मुलींस हाताशी धरून एक साधी युक्ती काढली. प्रत्येकीने दर आठवड्यास एक सू द्यावा. सू म्हणजे फ्रँकचा विसावा हिस्सा, अगदी किरकोळ नाणे. दहा जणींचा एक गट, त्याची एक संग्राहक. अशा दहा गटांचे पैसे शंभरांच्या संग्राहकाकडे जात, आणि तेथून हजारांच्या संग्राहकाकडे. ह्या रचनेतील खुबी अशी की, कोणालाही दहांपलीकडच्या माणसांस सांभाळावे लागत नसे. दहा घरे आपल्या ओळखीची असतात. दहांपैकी एक आजारी पडली तर ते त्याच आठवड्यात कळते. काम हजारोंचे होते, पण प्रत्येकीच्या वाट्यास आलेले जग मात्र एका गल्लीएवढे होते.

ह्याच सुमारास लुइझियानाच्या बिशपांसाठी मदत मिळविण्याचा निराळा प्रयत्न त्या शहरी चालू होता. दिनांक 3 मे 1822 रोजी तेथील गृहस्थांची सभा भरली, आणि एका मिशनपुरता निधी न काढता जगातील सर्व मिशनांसाठी एकच संस्था असावी असे ठरले. श्रद्धाप्रसार संस्था ती हीच. पोलीनबाईंची दहा-दहांची रचना संस्थेने उचलली. बाईंना मात्र कारभारी मंडळात स्थान मिळाले नाही. पुढे एका कारखान्याच्या व्यवहारात इतरांनी त्यांना फसविले, आणि 1862 साली त्या कर्जात व दारिद्र्यात वारल्या. पोप अकरावे पायस ह्यांनी 1922 साली त्या संस्थेस परमगुरूंची संस्था म्हणून मान दिला, आणि 22 मे 2022 रोजी ल्यों येथेच पोलीनबाईंची धन्य म्हणून घोषणा झाली. दर वर्षी ऑक्टोबरात आपण मिशन रविवारी थैलीत जे टाकतो ते ह्याच ओघास जाऊन मिळते.

पण आम्हांस तुमचे लक्ष पैशाकडे वेधावयाचे नाही. त्या संस्थेने मिशनऱ्यांची पत्रे छापून प्रसिद्ध करण्याचा परिपाठ ठेवला होता. दर दोन महिन्यांनी अंक निघे, आणि दहा सभासदांमागे एकच प्रत मिळे. एकच! म्हणजे ती हातोहात फिरली पाहिजे. ज्या विणकरणीने एक सू दिला तिने चीन देशातील पत्र वाचावयाचे, किंवा वाचता येत नसल्यास दुसरीकडून ऐकावयाचे, व शेजारणीकडे पोचवावयाचे. प्रत्येकीस स्वतंत्र प्रत दिली असती तर कागद अधिक खपला असता, पण दहा जणी एकत्र बसण्यास कारण उरले नसते. ह्या पत्रांच्या संपादनाचे काम काही वर्षे फ्रेडरिक ओझानाम नावाच्या एका तरुण प्राध्यापकाने केले. ते नाव ध्यानात असू द्या. त्याची गाठ आपणांस लवकरच पुन्हा पडणार आहे.

त्या काळात सावॉय प्रांतातील ॲनसी गावी फादर पिएर मेर्मिए ह्यांनी 1838 साली संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या नावाचा मिशनरी संघ स्थापिला. सावॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता; तो 1860 साली त्या देशास जोडला गेला. ह्या संघाचे पहिले पाद्री 1846 साली विशाखापट्टणास पोचले. सुएझचा कालवा 1869 साली खुला झाला, तेव्हा ह्यांचा प्रवास आफ्रिकेस वळसा घालून किंवा वाळवंट ओलांडून झाला असे समजावे. विशाखापट्टणाहून कामठीच्या छावणीपर्यंत येण्यास तर बैलगाडीखेरीज गती नव्हती. आगगाडी नागपुरास 1867 साली आली. एका पत्राचे उत्तर येण्यास कित्येक महिने लागत. तरीही त्यांनी पत्रे लिहिली, आणि तिकडच्यांनी ती वाचली. अशा भूमीवर 1887 साली नागपूर धर्मप्रांत उभा राहिला, व त्याच ॲनसीच्या संघातील बिशप अलेक्सी रिकाझ हे त्याचे पहिले महागुरू झाले. 1953 साली तो महाधर्मप्रांत झाला; 1955 साली अमरावती, 1964 साली रायपूर त्यातून निराळे निघाले, आणि अमरावतीच्या पोटातून 1977 साली औरंगाबाद. वाढ झाली की वाटणी करावी लागते, हे कोणत्याही शेतकरी घरास सांगणे नको. परंतु वाटणीने घर मोडते तेव्हा, आणि वाटणीने घर वाढते तेव्हा, ह्यांत भेद कशाचा असतो? ह्याचे एक उत्तम उदाहरण आमच्या मनात आहे, आणि ते नेमके आपल्या मंडळाच्या जन्माचे आहे.

दिनांक 23 एप्रिल 1833 रोजी पॅरिस येथे सहा विद्यार्थी व एमान्युएल बाईली नावाचे एक प्रौढ गृहस्थ एकत्र बसले. त्यांतील ओझानाम त्या दिवशी वीस वर्षांचे झाले. वादसभेत प्रतिपक्षाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना छेडले होते की, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील. आज तुम्ही काय करता ते दाखवा. वादाने उत्तर देण्याचे सोडून त्यांनी गरिबांच्या घरी जाण्याचे ठरविले. पण गरिबाच्या घरी जावे कसे, बसावे कोठे, बोलावे काय, हे ह्या पुस्तकी मुलांस ठाऊक नव्हते. सिस्टर रोझाली रांद्यू नावाच्या एका धर्मभगिनीने मुफ्तार विभागातील दारे त्यांना दाखविली, व प्रथम कोणत्या घरी जावे ते सांगितले. पुढे ह्या मंडळांत दोघांनी मिळून जावयाची रीत पडली; ती आजतागायत पाळली जाते.

दीड वर्षात सभासद शंभरांहून अधिक झाले. सभा लांबू लागली. कोणत्या कुटुंबास काय हवे ह्याची चर्चा एका बैठकीत पुरी होईना. तेव्हा 1834 सालच्या अखेरीस ओझानाम ह्यांनी मंडळाचे भाग पाडावे असे सुचविले. बहुतेकांचे मन दुखावले. आम्ही मित्र म्हणून एकत्र आलो, आता आम्हांस तोडता काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. वादास उधाण आले. अखेर 1835 साली वाटणी झाली, व त्याच वर्षी सर्व मंडळांसाठी एक नियमावली छापली गेली. आज ही मंडळे सुमारे दीडशे देशांत पसरली आहेत. भारतात त्यांचा आरंभ 1863 साली मुंबईत झाला. ती वाटणी झाली नसती तर पॅरिसच्या एका पेठेत एक चांगला मित्रमेळा होऊन गेला असता, आणि आपल्याला त्याचे नावही कळले नसते.

मग एवढे तुकडे झाल्यावर ते एक राहिले कशाने? पॅरिसच्या मुख्य समितीने सर्वांस हुकूम सोडले म्हणून नव्हे. प्रत्येक मंडळ आपल्या गावचे गरीब आपण ओळखते. वरून कोणी यादी धाडीत नाही. परंतु प्रत्येक मंडळाची सभा प्रार्थनेने सुरू होते, मागील सभेचे वृत्त वाचले जाते, खजिनदार शिल्लक सांगतो, जे जाऊन आले ते काय पाहिले ते सांगतात, व शेवटी थैली फिरते. थैलीत कोणी किती टाकले हे शेजाऱ्यासही दिसू नये अशी रीत आहे. गरीब सभासद श्रीमंत सभासदाशेजारी मान वर करून बसू शकतो तो एवढ्यामुळे. नागपूरच्या मंडळाचा सभासद उद्या डब्लिनच्या किंवा मेलबर्नच्या सभेस जाऊन बसला, तर भाषा न कळताही पुढे काय होणार हे त्यास कळेल. वर्षाकाठी प्रत्येक मंडळ आपला अहवाल वरच्या समितीस देते, ती तिच्या वरच्या समितीस. जारिकोबाईंची दहा-दहांची शिडीच ही, फक्त येथे पैशाबरोबर वृत्तही वर चढते.

मराठी मुलखात वृत्ताचे हे काम एका मासिकाने फार काळ केले आहे. फादर हेन्री डोरिंग, जे पुढे पुण्याचे बिशप झाले, त्यांनी 1903 साली 'निरोप्या' सुरू केले. नाव किती नेमके ठेवले पाहा! संपादक नव्हे, उपदेशक नव्हे, निरोप्या. असो.

आता मूळ सूचनेकडे येऊ. तीत एक गोष्ट खरी आहे, आणि ती आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पैसे खात्यात जमा करणे चांगले. चाळीत शेजारीपाजारी पाहत असताना हातावर नोटा ठेवून घेणे कोणाही मानी माणसास जड जाते. किराण्याची पिशवी दारात उतरली की साऱ्या गल्लीस कळते. बँकेच्या मार्गाने ही लाज वाचते. तेव्हा रक्कम खुशाल खात्यावर पाठवावी. परंतु त्यामुळे घरी जाण्याचे कारण संपले असे जे अनुमान काढले आहे, ते आम्हांस उलटे वाटते. पूर्वी आपण पिशवी घेऊन जात होतो, म्हणून घरच्या माणसांस आपल्याशी गोड बोलणे भाग पडे. आता रिकाम्या हातांनी जाता येईल. जो रिकाम्या हातांनी येतो तो केवळ भेटीस आलेला असतो, आणि त्याच्यापाशी मनातले बोलता येते.

शिवाय खाते काही सांगत नाही. रक्कम निघाली की नाही एवढेच तेथे कळते. ती औषधास गेली, फीस गेली, की दारूच्या दुकानी गेली, हे कळत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या घरास मदत लागू लागली आहे पण ज्याने अजून तोंड उघडलेले नाही, ते घर यादीत येतच नाही. ते घर जिना चढणाऱ्यास शेजारच्या दारातून दिसते. 2020 सालच्या टाळेबंदीत नागपूरच्या महामार्गांवरून पायी गावी निघालेले मजूर तुम्ही सर्वांनी पाहिले. त्यांच्यापैकी कोणाचे नाव कोणत्या निधीच्या यादीत होते? त्या दिवसांत सभा फोनवर भरविणे प्राप्त होते, आणि फोनवर का होईना, वार चुकविला नाही म्हणून मंडळे टिकली, हेही कबूल केले पाहिजे. यंत्राचा आम्हांस द्वेष नाही. दूरच्याने फोनवर सभेस हजर राहावे, पत्र पडद्यावर लिहावे, काही बिघडत नाही. दाराशी मात्र कोणीतरी पायांनी गेले पाहिजे, ह्याला पर्याय निघालेला आम्हांस दिसत नाही.

आणि जे पुण्यास, बंगळुरास, दुबईस आहेत त्यांच्याविषयी आमचे मत कदाचित कोणास कठोर वाटेल. तुम्ही नागपुरास पैसे पाठविता त्याबद्दल येथील गरीब तुमचे ऋणी आहेत. पण तुम्ही जेथे राहता तेथे गरीब नाहीत काय? तुम्हांस आम्ही केवळ देणगीदार करून ठेवणे हा तुमच्यावर अन्याय होईल. ओझानाम शिक्षणासाठी ल्योंहून पॅरिसला आले होते, म्हणजे तेही घर सोडून आलेले विद्यार्थीच. तुम्ही जेथे आहात तेथे दहांचा नव्हे, चारांचा गट करा. तेथील धर्मग्रामात मंडळ असेल तर त्यात बसा. भाषा निराळी असेल, माणसे मल्याळी, तामिळ, गोवेकर असतील. तशी ती ह्या नागपुरातही आहेत, आणि आपले काही अडलेले नाही. मग तुमच्या मंडळाचे वृत्त आम्हांस पाठवा, आमचे तुम्हांस येईल. पैशापेक्षा ती देवघेव आम्हांस अधिक मोलाची वाटते.

एक शेवटची हकीकत सांगून बसतो. तुमच्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल, आपल्या मंडळास परदेशात एक जोडमंडळ आहे. ह्या संस्थेत संपन्न देशांतील मंडळे आणि आपल्याकडील मंडळे अशी जोडीने बांधलेली असतात. ते ठराविक मुदतीने काही रक्कम धाडतात, आपण पत्र धाडतो, आणि दोघेही एकमेकांसाठी प्रार्थना करतात. आपल्या जोडमंडळाचे गेल्या आगमनकाळात पत्र आले. त्यांच्या धर्मग्रामातही आता तरुण उरले नाहीत. मंडळात पाच सभासद आहेत आणि सर्वांत लहानाचे वय एकाहत्तर. यापुढे पूर्वीइतकी रक्कम धाडता येईल असे वचन ते देऊ शकत नाहीत, असे त्यांनी सरळ लिहिले आहे. ते वाचून आपल्या काही सभासदांस वाटले की, आता हा संबंध संपला. आम्ही पत्र पुढे वाचून दाखविले. त्यांनी एक प्रश्न विचारला आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मदतीने ज्या विधवा भगिनीस शिवणयंत्र घेऊन दिले होते, तिचे पुढे काय झाले? यंत्र अजून चालते काय? तिची धाकटी मुलगी शाळेत टिकली काय?

पाहा, पैसे देणे ज्यांना जमेनासे झाले त्यांनीच हे विचारले आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही खात्याच्या उताऱ्यात नाही. ती भगिनी दोन वर्षांपूर्वी घर बदलून शहराच्या दुसऱ्या टोकास गेली, एवढेच येथे कोणास ठाऊक आहे. तिचा नवा पत्ता शोधावा लागेल, दोघांस जावे लागेल, यंत्र पाहावे लागेल, मुलीशी बोलावे लागेल, आणि मग पत्र लिहावे लागेल.

येत्या मंगळवारी सायंकाळच्या पवित्र मिस्सानंतर मंडळाची सभा नेहमीप्रमाणे सभागृहाशेजारच्या खोलीत भरेल. त्या घरी जाण्यास एक ज्येष्ठ सभासद तयार झाले आहेत. त्यांच्या गुडघ्यांस त्रास आहे, म्हणून बरोबर येणारा दुसरा कोणी तरुण असावा. दुचाकी असल्यास उत्तम. नाव देण्यासाठी वही सॅक्रिस्टीबाहेरच्या मेजावर ठेविली आहे.